भिंत पावसात बघावी

गणपतीला आठ दिवस राहिले असताना गावच्या घरी पोहोचायचं आणि उंबरठा ओलांडण्याआधी घराला एक फेरी मारायची, ही माझी कित्येक वर्षांची सवय. डोंबिवलीहून रात्रभराचा प्रवास करून अंग आंबलेलं असतं, दोन्ही हातांत पिशव्या असतात, आई आतून "आधी चहा घे रे" म्हणून हाका मारत असते. पण चाकरमान्याचा जीव घराच्या चारी भिंती पाहिल्याशिवाय थाऱ्यावर येत नाही. २०१८ साली मात्र त्या फेरीत मी उत्तरेच्या भिंतीपाशी थबकलो.

जोत्यापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंत हिरवीगार झाली होती. हिरव्याच्या वर काळे ठिपके, ठिपक्यांचे डाग आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून खाली उतरलेले काळे ओघळ. फिक्या पिवळ्या रंगाला ठिकठिकाणी फोड आले होते. एक फोड मी बोटाने दाबला तर आतून चमचाभर पाणी निघालं, लालसर, गंजल्यासारखं. सात वर्षांपूर्वी भरपूर पैसे ओतून रंगवलेल्या भिंतीची ही दशा पाहून मला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लाज वाटली. आठ दिवसांनी घरात गणपती येणार, भावकीतली माणसं येणार, आणि मुंबईवाल्याच्या घराची भिंत अशी!

ही लाज फार घातक असते. माणूस घाईला येतो तो तिच्यामुळेच.

पुढचं सांगण्याआधी थोडं मागचं सांगायला हवं. आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे माड-पोफळीची छोटी बाग. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. जांभा हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्यावर राहून कठीण होतो. पण कठीण झाला तरी त्याच्या अंगची छिद्रं काही बुजत नाहीत. हा दगड पाणी पितो. म्हणूनच आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, भिंतीला दरवर्षी चुना काढायचे. आतून गणपतीला आणि बाहेरून दसरा झाल्यावर, पाऊस मागे हटला की.

चुन्याचा तो दिवस आम्हा मुलांना सणासारखा वाटायचा. आदल्या रात्री मातीच्या मोठ्या भांड्यात कळीचा चुना विरघळत टाकलेला असायचा. पाणी पडताच तो खदखदायचा आणि आई आम्हाला हाताला धरून लांब ओढायची. सकाळी तो फडक्याने गाळायचा, त्यात चिमूटभर नीळ, थोडा डिंक. उत्तरेच्या भिंतीसाठी मात्र अण्णा वेगळी बादली करायचे आणि तिच्यात मोरचुदाचं थोडं पाणी घालायचे. पोफळीवरच्या कोळेरोगासाठी आणलेल्या मोरचुदातला उरलेला खडा त्यासाठी जपून ठेवलेला असायचा. "उत्तरेला ऊन नाही, तिला औषध लागतं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

अण्णा २००३ साली गेले. त्यानंतर दोन-तीन वर्षं चुना निघाला, मग राहून जाऊ लागला. दसऱ्याला रजा मिळायची नाही, गावात चुना काढणारी माणसं मिळायची नाहीत. २०११ साली मी एकदाचा निकाल लावून टाकला. चारी बाजूंनी जुना चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा गिलावा केला, त्यावर बाहेरच्या भिंतींसाठी मिळतो तो भारीतला प्लॅस्टिकसारखा रंग दिला आणि चिखल नको म्हणून घराभोवती दोन हात रुंदीचा सिमेंटचा कोबाही घातला. रंगाला सात वर्षांची हमी होती. आता सात वर्षं डोक्याला ताप नाही, असं मी आईला अभिमानाने सांगितलं होतं. आई काही बोलली नव्हती.

तर त्या सकाळी चहा पोटात जाताच मी कामाला लागलो. आधी तारेच्या ब्रशने कोरडंच घासलं. काळी भुकटी उडाली, नाकातोंडात गेली, आणि भिंतीवर पांढरे ओरखडे उठले. मग विहिरीत टाकायला आणून ठेवलेली टीसीएल पावडर बादलीत कालवून भिंतीला फासली. हिरवा रंग फिकटला, पण काळे डाग हटेनात. तेव्हा मला संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली आठवली. एक औषध अर्धं काम करतं, दोन मिळून पुरं करतील, हा साधा हिशेब. बादलीत तळाशी टीसीएल उरलेली होती, तिच्यातच मी बाटली रिकामी केली.

पुढचं सगळं मिनिटाभरात झालं. बादली फसफसली, पिवळट हिरवा धूर उठला आणि माझा श्वास कुणीतरी मुठीत धरावा तसा अडकला. डोळ्यांतून पाणी, घशात आग. मी धडपडत मागच्या बागेकडे पळालो. आणि तिथे पोचल्यावर आठवलं की त्या भिंतीला आईच्या खोलीची खिडकी आहे, खिडकी उघडी आहे आणि आईला दमा आहे.

शेजारच्या मुलाने रिक्षा काढली म्हणून आम्ही वेळेत तालुक्याच्या डॉक्टरांकडे पोहोचलो. आईला ऑक्सिजन लावला, नेब्युलायझरने औषध दिलं, तीन तास तिथे ठेवून घेतलं. संध्याकाळी ती सावरली. परतताना रिक्षात ती एकच वाक्य बोलली, तेही रागाने नव्हे : "तुझे अण्णा चाळीस वर्षं चुना काढत होते, मला कधी साधी शिंकसुद्धा आली नाही."

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हे शाळेत मी पाठ केलं होतं. १९१५ सालच्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. हवेच्या अडीच पट जड असल्याने तो वर निघून जात नाही. जमिनीलगत पसरतो, खंदकात उतरतो, बसक्या खिडकीतून आत येतो. परीक्षेत त्याला दोन गुण मिळाले असतील. बादलीपाशी मात्र तो आठवला नाही. वाचकांपैकी कुणी हा लेख इथेच सोडून उठणार असेल तर एवढं ध्यानात ठेवून उठावं : ब्लीच कोणतंही असो, त्यात ॲसिड मिसळायचं नाही, अमोनिया मिसळायचा नाही, काहीच मिसळायचं नाही. फक्त पाणी.

दुसऱ्या दिवशी आबा आले. आबा म्हणजे गावातले जुने गवंडी. अण्णांच्या वेळेपासून आमच्या घराला हात लावलेला हा शेवटचा माणूस. वय ऐंशीच्या पुढे, काम सोडून दहा वर्षं झालेली. आईची चौकशी करायला म्हणून आले आणि जाताना मागच्या भिंतीपाशी थांबले. त्या वेळी पाऊस धो धो कोसळत होता. मी म्हटलं, "आबा, पाऊस थांबल्यावर बघू." तर छत्रीतूनच म्हणाले, "थांबल्यावर काय बघतलंस? भिंत रडता हा. तू नुसते डोळे पुसतस. आधी रडता कित्याक ता बघ."

मग आम्ही दोघे अर्धा तास त्या पावसात उभे राहिलो. सात वर्षांत जे मला दिसलं नव्हतं ते तेव्हा दिसलं. कौलांच्या पागोळ्या सरळ खालच्या कोब्यावर आदळत होत्या आणि तिथून उसळून भिंतीवर फुटत होत्या. जिथपर्यंत तुषार उडत होते, बरोबर तिथपर्यंत भिंत हिरवी होती. जणू कुणी पट्टीने आखून द्यावी तशी. पूर्वी त्या जागी अण्णांनी खणलेला उथळ चर होता आणि त्यात नदीतले गोटे पसरलेले असत. पागोळी गोट्यांत जिरायची, उसळायची नाही. चिखल नको म्हणून तो चर मीच बुजवला होता. वर कोब्याचा उतार घराकडेच होता, त्यामुळे पाणी जोत्याला लागून साचत होतं. खिडकीवरचं एक कौल सरकलं होतं, काळे ओघळ त्याचे होते. म्हणजे भिंतीवर जे काही उगवलं होतं त्याची पेरणी मीच केलेली होती.

त्या वर्षी आमचे गणपती हिरव्या भिंतीसकट आले. भावकीतल्या कुणीही भिंतीकडे पाहिलं नाही. सगळे आईला पाहायला आले होते.

नंतर मी या विषयाचं जमेल तेवढं वाचन केलं, आणि लक्षात आलं की आपण ज्याला सरसकट बुरशी म्हणतो त्यात दोन वेगळी कुळं असतात. हिरवं असतं ते शेवाळ. त्याला ओल आणि उजेड मिळाला की झालं, अन्न ते स्वतःच तयार करतं. काळ्या डागांत बुरशी असते. तिला उजेडाची गरज नाही. पण तिला आयतं अन्न लागतं आणि ते धुळीतून, परागकणांतून, कधी कधी खुद्द रंगातल्या चिकट द्रव्यातून मिळतं. दोघांची गरज मात्र एकच, पाणी. ओल तोडली तर दोघंही आपोआप वाळतात. ओल तशीच ठेवून नुसतं घासलं, तर पुढच्या पावसात दोघंही परत हजर होतात. उत्तरेची भिंत त्यांना विशेष लाडकी, कारण पावसाळा संपतो तेव्हाच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्या भिंतीला सुकायला ऊन मिळत नाही.

अण्णांच्या चुन्याचं मर्मही तेव्हाच कळलं. ताजा चुना तीव्र अल्कली असतो. त्याच्या संगतीत शेवाळ आणि बुरशी टिकत नाहीत. पण हवेतला कर्बवायू शोषून तो हळूहळू पुन्हा दगड होतो आणि त्याची धार जाते, म्हणून तो दरवर्षी काढायचा. किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून चुना करत. म्हणजे समुद्रातला शिंपला भट्टीतून, बादलीतून फिरून शेवटी भिंतीवर पुन्हा शिंपलाच व्हायचा. आणि चुना भिंतीचा श्वास कोंडत नाही. दगडाने प्यालेलं पाणी त्याच्यातून वाफ होऊन निघून जातं. मी चढवलेला सिमेंटचा गिलावा आणि त्यावरचा रंग म्हणजे ओल्या अंगावर घातलेला रेनकोट होता. बारीक भेगांतून आणि जोत्यातून पाणी आत शिरत होतं, बाहेर पडायला वाट नव्हती. तेच फोडांतून बाहेर येत होतं. अशा रंगांत बुरशीनाशक द्रव्यं असतात, पण ती पावसागणिक थोडी थोडी धुऊन जातात. हमी होती ती रंगाची. भिंतीची हमी कुणीच दिलेली नव्हती. मोरचूद आणि चुना यांची जोडी तर अण्णांच्याही आधीची. फ्रान्समधल्या बोर्डो प्रांतात १८८० च्या दशकात द्राक्षांवरच्या बुरशीवर ती लागू पडली आणि तिथून जगभरच्या बागायतदारांकडे गेली. अण्णांनी ती बागेतून भिंतीवर आणली, इतकंच. हे मिश्रण ते लोखंडी बादलीत का करू देत नसत, याचं कोडंही सुटलं : मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं, औषध फुकट जातं.

हा प्रश्न काही आमच्या एका घराचा नाही. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू बासिलिका, जिथे सेंट फ्रान्सिस झेविअरचं शव आहे, ते १६०५ साली पूर्ण झालं. तेही जांभ्याचंच, दर्शनी भागातलं कोरीव काम तेवढं वसईहून नेलेल्या काळ्या दगडाचं. त्याच्या बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला, दगड उघडा दिसावा म्हणून. आज पर्यटक त्या लालसर भिंतींचे फोटो काढतात, पण त्या भिंती तेव्हापासून थेट पाऊस झेलत आहेत आणि गिलावा परत करावा की नाही हा वाद अजून निघतो. चुन्याचा गिलावा शोभेसाठी नसतो, तो दगडाचा कोट असतो, हे सांगायला याहून मोठं उदाहरण नको.

माझी पुतणी न्यू जर्सीत राहते. तिच्या घराला बाहेरून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं आवरण आहे, त्याला तिकडे सायडिंग म्हणतात. फोनवर मी भिंतीचं रडगाणं गायला लागलो तर ती हसून म्हणाली, "काका, आमचीही उत्तरेची बाजू हिरवी होते. आणि वसाहतीच्या कमिटीचं पत्र येतं." तिच्या नवऱ्याने जोरदार फवाऱ्याचं यंत्र आणून खालून वर मारलं, तर पट्ट्यांच्या मागे पाणी शिरून आतली फळी ओली झाली. आता ते साबणाचं पाणी आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश वापरतात. तिने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली : त्या पट्ट्यांच्या खालच्या कडेला बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून. प्लॅस्टिकच्या भिंतीलाही पाण्याला वाट द्यावी लागते. मी चिऱ्याच्या भिंतीची वाट बंद केली होती.

त्या दसऱ्यानंतर आम्ही कामाला लागलो. आबा खुर्चीत बसून सांगायचे, त्यांचा नातू करायचा, मी हाताखाली. आधी सरकलेलं कौल बसवलं. मग पागोळीच्या रेषेखालचा कोबा हातभर रुंद फोडला, चर खणून त्यात गोटे भरले आणि उतार बागेकडे काढला. भिंतीवर वाकलेल्या फणसाच्या दोन फांद्या उतरवल्या, वारा खेळायला लागला. एवढं झाल्यावर धुण्याचं काम. भिंत आधी पाण्याने भिजवली, म्हणजे बुरशीची भुकटी उडत नाही. नाकाला फडकं, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. तारेच्या ब्रशाऐवजी नारळाचं सोडण आणि साबणाचं पाणी. नव्वद टक्के घाण तेवढ्यानेच गेली. हट्टी डागांपुरतं ब्लीचिंग पावडरचं पाणी केलं. ते निवळू दिलं, वरची निवळ तेवढी घेतली, दहा-पंधरा मिनिटं भिंतीवर ठेवून भरपूर पाण्याने धुतली. त्याआधी तुळस आणि भिंतीलगतची अबोली पाण्याने न्हाऊ घातली, झाकून ठेवली आणि विहिरीकडे जाणारा पाट बंद केला. आईला तीन दिवस मामाकडे पाठवलं होतं, हे सांगायला नकोच.

मग कमरेपर्यंतचा सिमेंटचा गिलावा फोडला. खालचा चिरा काळा पडला होता, हात लावला की गार लागत होता. आबांनी तो मार्चपर्यंत उघडा ठेवायला लावला. "सात वर्सांचा पाणी, सात दिवसांत कसा जाईत?" मार्चमध्ये चुन्या-वाळूचा गिलावा केला, ओली गोणपाटं टांगून तो मुरू दिला आणि त्यावर चुन्याचे चार पातळ हात दिले. शेवटच्या बादलीत मी मोरचुदाचं पाणी घातलं. भिंत सुरुवातीला निळसर दिसत होती. सुकली तशी पांढरी होत गेली.

खर्च २०११ च्या निम्म्याहून कमी आला. पण खरा फरक पैशाचा नाही. चुन्याला हमी नसते. तो दरवर्षी माणूस मागतो. सात वर्षं बघायला लागू नये म्हणून मी रंग घेतला होता, आणि सात वर्षं न बघणं हाच तर भिंतीचा आजार होता. गावात हल्ली कुलूपबंद घरांच्या रांगा आहेत. त्यांच्या उत्तरेच्या भिंती पाहिल्या की कुणाचं येणं किती वर्षांपूर्वी थांबलं हे विचारावं लागत नाही, शेवाळावरून कळतं.

आबा २०२१ साली गेले. त्यांचा नातू आता चुन्याची कामं घेतो. आमच्या वाडीत आणखी दोन घरांचा कोबा त्याने फोडला आहे. मी निवृत्त झालो आहे, त्यामुळे गणपतीची वाट पाहत नाही. जुलैत, पाऊस ऐन भरात असताना आठ दिवस गावी जाऊन येतो. छत्री घेऊन घराभोवती फिरतो, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे जातं ते बघतो आणि वहीत टिपून ठेवतो. ते दसऱ्याच्या वेळी उपयोगी पडतं. आई उत्तरेच्या खिडकीत बसलेली असते. पावसात छत्री घेऊन भिंतीकडे टक लावून उभा राहिलेला मुलगा तिला विचित्र वाटत नाही. ती म्हणते, अण्णाही असेच उभे राहायचे.